स्वस्तात मिळालेला दरवाजा

मित्रांनो, ठरवलेल्या पैशांत पुरं झालेलं घराचं काम तुम्ही कधी पाहिलंय? नसेलच पाहिलं. मग या घरी या, मागच्या ओट्यावर उभे राहा आणि मान वर करा. तो उंच, रुंद, चॉकलेटी, पितळी कडीचा जुना दरवाजा दिसतो ना, तो मी. घराचं काम काढलं की खर्च आटोक्यात कसा ठेवावा, याचं मी चालतंबोलतं उदाहरण आहे. हे माझं म्हणणं नाही बरं का, या घरचे भाऊ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

"हा कितीला पडला सांगा बघू?" भाऊ विचारतात. समोरचा बिचारा आकडा सांगतो. भाऊ हसतात. समोरचा आकडा खाली आणतो. भाऊ आणखी हसतात. मग ते पुढे वाकून त्याच्या कानात खरी किंमत सांगतात, तो "काय सांगता!" म्हणतो आणि मी अभिमानानं फुगतो. पावसाळ्यात लाकूड फुगतंच म्हणून कोणी लक्ष देत नाही, एवढंच.

आता कानात न सांगितलेली गोष्ट ऐका. मला घरात आणायला घराचं फाटक तोडावं लागलं.

मी टेम्पोतून उतरलो आणि फाटकातून आत जाईना. आडवा जाईना, तिरका जाईना. सहा हमाल मला डोक्यावर घेऊन रस्त्यात उभे, मागे गाड्यांची रांग, आणि भाऊ शिंप्याची टेप घेऊन कधी फाटक मोजतायत, कधी मला. शेवटी फाटकाचं एक दार काढलं. ते काढताना खांब हलला. हललेला खांब विचार करत थोडा वेळ उभा राहिला आणि मग शेजाऱ्यांच्या कुंड्यांवर पडला. कुंड्या भरून द्याव्या लागल्या. खांब नव्यानं बांधावा लागला. मग नव्या खांबाशेजारी जुना खांब भिकारडा दिसायला लागला, म्हणून तोही पाडला. सगळा हिशेब धरला तर मी बाजारातल्या नव्याकोऱ्या दरवाजापेक्षा थोडा महागच पडलो. भाऊ तो हिशेब धरत नाहीत. मीही आठवण करून देत नाही. स्वतःची किंमत जास्त निघाली म्हणून कोणी वाईट वाटून घेतं का?

पण मी आधीपासून सांगतो.

माझं खानदान मोठं आहे. मी सागवानाचा, तोही आतल्या गाभ्याचा. एका सुतारानं मला आणि माझ्या जोडीदाराला एकाच ओंडक्यातून काढलं, रंधा मारून गुळगुळीत केलं आणि आम्हाला एका नाट्यगृहात बसवलं. तो डावा, मी उजवा. प्रेक्षक आत यायचे ते दुसऱ्या दारानं. आमच्यातून ते बाहेर पडायचे. म्हणून माझ्या आतल्या अंगावर हातभर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत 'बाहेर' असं रंगवलेलं आहे, आणि मी उघडतो तोही बाहेरच्याच बाजूला. गर्दी रेटत आली की दार तिच्यासोबत बाहेर गेलं पाहिजे, असा नाट्यगृहाचा नियम. हजारो माणसं मला ढकलून गेली. कोणी डोळे पुसत, कोणी हसत, कोणी "पैसे फुकट गेले" म्हणत. माझं काम सगळ्यांना सारखीच वाट देण्याचं.

एकदा मात्र माझी फजिती झाली. नाटकात नायक मरत होता. सगळं नाट्यगृह हुंदके देत होतं. तेवढ्यात कोणीतरी पाणी प्यायला उठलं आणि माझी बिजागरी अशी करकरली, अशी करकरली, की मेलेल्या नायकानं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. हशा झाला. दुसऱ्या दिवसापासून दारावरचा माणूस मला रोज तेल घालायला लागला. "बाबा रे, निदान शेवटच्या अंकात गप्प बस," म्हणायचा. मी त्याचा शब्द कधी मोडला नाही.

मग नाटकं कमी झाली, प्रेक्षक कमी झाले आणि एक दिवस नाट्यगृहाच्या जागी गाड्या उभ्या करायचं ठरलं. आम्ही जुन्या लाकडाच्या वखारीत पोचलो. माझा जोडीदार लवकर गेला. म्हणजे विकला गेला. तो आता एका कोंबडीवाल्याच्या खुराड्यावर छप्पर म्हणून आडवा पडलाय, असं कानावर आलं. ज्यानं एवढी नाटकं पाहिली त्याच्या डोक्यावर आता कोंबडे आरवतात. मला वखारवाल्यानं अर्धी चौकट कापून माझ्यापुरती करून दिली आणि भिंतीला टेकवून विसरला. माझ्यावर सायकली टेकल्या, माझ्या सावलीत कुत्री झोपली, बिजागऱ्या गंजून चौकट आणि मी एकजीव झालो. मित्रांनो, वापरात असताना वस्तू जेवढी झिजत नाही ना, तेवढी ती नुसती उभी राहून झिजते.

आणि मग एक दिवस भाऊ आले.

भाऊ वीज कचेरीच्या गोदामात काम करतात. मिशा भारदस्त, पण मावशी त्यांना अजून गुंड्या म्हणते. ही मावशी म्हणजे त्यांच्या आईची धाकटी बहीण. आई लवकर गेली, तेव्हा भाऊंना मावशीनं वाढवलं. तिनं लग्न केलं नाही. आधी स्वतःच्या भावाच्या घरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात झोपली, मग मुलींच्या वसतिगृहात देखरेखीला लागली. तिथे एका लांबलचक दालनात मुलींच्या खाटांची रांग आणि टोकाला मावशीची खाट, भोवती एक पडदा. सगळं आयुष्य त्या पडद्यामागे गेलं. आता वसतिगृह बंद होणार होतं आणि महिनाअखेर तिला ती खाट सोडायची होती. भाऊंनी तिला शब्द दिला होता: "मावशी, तुला मागच्या बाजूला स्वतंत्र खोली बांधतो. भिंती, खिडकी, दार, सगळं तुझं."

तर ही सगळी धडपड त्या खोलीसाठी होती, आणि मी त्या खोलीचं दार.

वहिनी, म्हणजे भाऊंची बायको, दवाखान्याच्या खिडकीवर औषधं देतात. गोळी एक कमी नाही, एक जास्त नाही. भाऊंचं शास्त्र वेगळं. जग मिळालेले पैसे खर्च करतं, भाऊ वाचलेले पैसे खर्च करतात. माझ्यात पैसे वाचले, म्हणून त्या वाचलेल्या पैशांत त्यांनी हंसाच्या मानेसारखा वळलेला एक नळ आणला. नळ सवलतीत होता, म्हणजे पुन्हा वाचले. त्या वाचलेल्यांत दिवाणखान्याच्या छताला कोपऱ्याकोपऱ्यात प्लास्टरची फुलं काढायला घेतली. फुलंवाला म्हणाला, दोन कोपरे केलेत तर तिसरा निम्म्यात. वाचले की नाही? चौथ्या कोपऱ्याचे त्यानं दुप्पट मागितले, म्हणून चौथा कोपरा आजही बोडका आहे. भाऊ तिकडे बघत नाहीत.

"अहो," वहिनी एकदा म्हणाल्या, "ते वाचलेले पैसे मला एकदा दाखवा ना. हात नाही लावत. लांबूनच बघते."

"अगं, ते असे दिसत नसतात."

"हो ना. गेलेले तेवढे दिसतात."

भाऊंनी कंत्राटदार ठेवला नव्हता. त्यातही वाचले होते. रोजावर एक गवंडी होता, शांत आणि सावकाश. त्याचा एकच दोष, तो दर सोमवारी भाव सांगायचा. सायकलवरून उतरायच्या आधीच सुरू व्हायचा.

"भाऊ, सिमेंट वर गेलं."

"किती?"

गवंडी नुसता हात टोपीच्या वर नेऊन दाखवायचा.

"आणि वाळू?"

"वाळू मिळतच नाही."

"मग हा ढीग कसला?"

"हा मिळाला म्हणून तर महाग पडला, भाऊ."

भाऊ डोकं धरून ओट्यावर बसायचे आणि थोड्या वेळानं उठायचे तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला असायचा. खर्च आटोक्यात ठेवायची युक्ती सापडलेली असायची. युक्ती दर वेळी तीच. मागच्या जागेत खोलीची आखणी पांढऱ्या फक्कीनं केलेली होती. भाऊ चपलेनं एक रेघ पुसायचे आणि फूटभर आत नवी ओढायचे. सिमेंट वाढलं, खोली फूटभर कमी. विटा वाढल्या, खोली फूटभर कमी. मजुरी वाढली तेव्हा खिडकीसुद्धा अर्धी झाली.

"भाऊ," गवंडी म्हणाला, "आणखी एक सोमवार गेला तर रेघेवर रेघ येईल. मग भिंत एकच बांधू."

"अहो मावशी एकटीच तर राहणार! तिला काय क्रिकेट खेळायचंय?" असं म्हणून भाऊ दोन रेघांच्या मधे उताणे झोपले. डोकं एका रेघेला, पाय दुसऱ्या रेघेला. "बघा, आरामात मावतो माणूस."

वहिनी कपडे वाळत घालायला आल्या होत्या. त्यांनी ओला टॉवेल भाऊंच्या तोंडावरून पलीकडे नेला आणि म्हणाल्या, "झोपलेला मावतो. उठायचं असलं तर कुठे उठायचं, तेही आखून ठेवा."

या कमी होण्यात एकटा मी होतो तसाच राहिलो. मला कमी करणं कोणाच्या हातात नव्हतं. खोली लहान झाली तसा मी मोठा दिसायला लागलो. मी आत उघडलो असतो तर मावशीच्या खाटेला धडकलो असतो, म्हणून मला ओट्याकडे, बाहेर उघडणारा बसवायचं ठरलं. मला तेच हवं होतं. जन्मभर बाहेर उघडलेला मी, म्हातारपणी सवय कशाला बदलू? आतल्या बाजूचं 'बाहेर' खरवडायचे रंगाऱ्यानं वेगळे पैसे सांगितले, म्हणून तेही राहिलं.

मित्रांनो, भिंत बांधताना चौकट आधी उभी करतात आणि मग तिला धरून विटा चढवतात. नेहमी नुसती चौकट उभी असते. माझं तर चौकटीशी गंजून लग्न लागलेलं, म्हणून दरवाजासकट उभा राहिलो. जोतं तयार होतं. त्याच्या ओट्याकडच्या कडेला गवंड्यानं मला उभं केलं, ओळंबा सोडला, तिरके टेके दिले, बिजागऱ्यांना रॉकेल पाजलं. मी करकरत उघडलो, करकरत मिटलो. गवंड्यानं थोपटलं. "अजून दोन पिढ्या हलणार नाही हा," म्हणाला.

आणि नेमके तेव्हा पैसे संपले.

जोत्यावर भिंत नाही, छप्पर नाही, कडेला एकटा मी. वारा डावीकडून यायचा, उजवीकडून जायचा, आणि मी बंद. शेजाऱ्यांचं मांजर रोज माझ्यासमोर येऊन बसायचं, मी उघडत नाही असं बघून वळसा घालून पलीकडे जायचं आणि तिथेही येऊन बसायचं. मागच्या गल्लीतून जाणारे लोक हाका मारायचे.

"भाऊ, कडी नीट लावा हो! चोर शिरतील!"

"किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवा!"

भाऊ हसण्यावारी न्यायचे. पण हंसाच्या मानेचा नळ घेऊन ते ओट्यावर नुसते बसून राहायचे, तेव्हा मला त्यांच्याकडे बघवत नसे. महिना संपत आला होता.

तेवढ्यात एक हॉटेलवाला आला. गल्लीतून जाताना त्यानं मला पाहिलं होतं. नव्या हॉटेलात जुना दरवाजा लावायचा, त्यापुढे उभं राहून लोक फोटो काढतात म्हणे. त्यानं मला गोल फिरून पाहिलं, कडी वाजवली, 'बाहेर' वाचून खूश झाला आणि अशी किंमत सांगितली की भाऊंना ओट्याचा कठडा धरावा लागला.

"संध्याकाळी टेम्पो पाठवतो," तो म्हणाला.

तो गेल्यावर भाऊ नाचायचेच बाकी होते. "बघितलंस? याला म्हणतात बचत! तिप्पट! गवंड्याचे देऊन वर उरतील!"

"उरतील, आणि खोली?" वहिनींनी विचारलं.

"खोलीचं पुढे बघू. भाव उतरले की."

"भाव उतरले की," वहिनी म्हणाल्या. "आणि मावशी? चार दिवसांनी त्या कुठे जाणार?"

"दिवाणखान्यात. एका बाजूला पडदा लावू. चांगला जाड, चुण्यांचा. आत्ता पडद्यांवर सवल..."

"पुढचा शब्द उच्चारलात," वहिनी अगदी हळू म्हणाल्या, "तर तो पडदा तुमच्याभोवती गुंडाळीन आणि गाठ मारीन."

वहिनी पुढे भांडल्या नाहीत, कारण भांडून विटा येत नाहीत हे त्यांनाही माहीत होतं. मी दोघांमधे उभा. खरं सांगतो, हॉटेलात जायला मी नाही म्हटलं नसतं. दिवे असतील, माणसं असतील, रोज पुसतील. पण मी दार आहे हो. ज्याच्यापलीकडे कोणी राहत नाही त्याला फार तर फळी म्हणतात.

दुपारी मावशी आल्या. खोली बघायला. हातात एक पिशवी, गुडघा दुखरा, तोंड चालू.

"काय रे गुंड्या, कुठेय माझा महाल?"

भाऊंनी बोटानं दाखवलं. मावशींनी जोतं पाहिलं. मला पाहिलं. माझ्या डावीकडचं आकाश पाहिलं, उजवीकडची वाळत घातलेली चादर पाहिली.

"हवेशीर आहे," मावशी म्हणाल्या.

"मावशी, मी तुला सांगणारच होतो. पडदा..."

"चालेल की पडदा. पडद्याचं मला काही नवीन आहे का? नुसता वारा आला तरी पोरी हसायच्या, मावशी दिसली, मावशी दिसली." असं म्हणत त्या माझ्याजवळ आल्या. माझी कडी ओढली. त्यांच्या हाताला ती जड गेली, पण मी आलो. करकरलो नाही. त्या उंबरठ्यावरून आत गेल्या आणि त्यांनी मला ओढून घेतलं.

मी बंद झालो. दणकट, भरदार आवाज झाला. नाट्यगृहात व्हायचा तसा.

आत म्हणजे काय, जोतंच. तिथे सिमेंटचं एक पोतं होतं. मावशी त्या पोत्यावर बसल्या. डावीकडून बघा, उजवीकडून बघा, वरून बघा, त्या सगळ्यांना दिसत होत्या. पण त्यांनी पाय वर घेतले, पदर सैल केला, डोकं माझ्याकडे करून डोळे मिटले. अशा बसल्या, जशी माणसं दार लावल्यावरच बसतात.

भाऊ ओट्यावर उभे होते. त्यांना सांगायचं होतं की संध्याकाळी दार जाणार. चार पावलं डावीकडे टाकली असती तर ते मावशींच्या समोर पोचले असते. त्यांनी एक पाऊल टाकलंसुद्धा. मग ते थांबले, परत माझ्यासमोर आले आणि त्यांनी मला वाजवलं. टक टक.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

"मी आहे, मावशी."

"मी म्हणजे?"

"गुंड्या."

"काय काम आहे?"

"आत येऊ का?"

"थांब जरा," मावशी म्हणाल्या.

आणि त्या नुसत्या बसून राहिल्या. काही आवरलं नाही, काही झाकलं नाही. थांबवलं, बस. भाऊ माझ्यापुढे हात बांधून उभे. वहिनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होत्या, त्यांनी तोंडावर पदर धरला. हसू होतं की दुसरं काही, मला दिसलं नाही.

मित्रांनो, माझ्यासमोर मोठमोठे नट मेले आहेत, राज्यं बुडाली आहेत, प्रेमं जुळली आहेत. पण त्या 'थांब जरा'सारखा प्रवेश मी पाहिला नाही.

बऱ्याच वेळानं मावशी म्हणाल्या, "ये आता."

भाऊ आत गेले आणि दाराचं न सांगताच बाहेर आले. एवढ्यात हॉटेलवाल्याचा टेम्पो फाटकाशी आला. हमाल उतरले. हॉटेलवाला पैशांचं पाकीट हातात घेऊनच आला.

"दरवाजा द्यायचा नाही," भाऊ म्हणाले.

"का? भाव कमी वाटला?"

"तसं नाही. आत माणूस आहे."

हॉटेलवाल्यानं वाकून बाजूनं पाहिलं. पोत्यावरून मावशींनी त्याला हात केला. त्यानं एकदा भाऊंकडे पाहिलं, एकदा मावशींकडे, आणि घाईघाईनं टेम्पो वळवला. वळवताना नवा खांब घासला गेला, पण उभा राहिला.

तो गेल्यावर वहिनी ओट्यावर आल्या. कमरेला पदर खोचलेला. "ऐका," त्या म्हणाल्या, "आजपासून या घरात कोणी काहीही वाचवायचं नाही."

"म्हणजे?" भाऊ घाबरले.

"म्हणजे सवलत नाही, निम्म्यात नाही, एकावर एक नाही. आधी सांगायचं, खोलीला काय लागतं. लागतं ते आणायचं. लागत नाही ते फुकट मिळालं तरी आणायचं नाही. छताची फुलं बंद. आणि तो हंस दुकानात परत."

"परत नाही घेत. सवलतीतला माल."

"मग मान धरून विका त्याला."

असा कारभार वहिनींच्या हाती गेला. त्यांनी गवंड्याला बसवून विचारलं, "दादा, मावशींना सुखानं राहता येईल एवढंच सांगा. शोभा सांगू नका." गवंड्यानं डोकं खाजवलं आणि सांगितलं. वर स्लॅबऐवजी पत्रा. पाडलेल्या जुन्या खांबांच्या विटा घासून वापरायच्या. बाहेरून प्लास्टर नंतर. वहिनी सोमवारी भाव ऐकायच्या, पण रेघेला हात लावायच्या नाहीत. उलट त्यांनी एक रेघ फूटभर बाहेर सरकवली, म्हणजे मावशींना उठायला जागा झाली. नळ दवाखान्यातल्या कंपाउंडरनं घेतला, त्या पैशांत आणि वहिनींच्या पगारात काम भागलं. त्याच्याकडेही बेसिन नाही, पण तो त्याचा प्रश्न.

आणि माझ्या दोन्ही बाजूंनी भिंती चढल्या. वीट वीट करत त्या माझ्या खांद्याला लागल्या, तेव्हा मला पहिल्यांदा उभं राहायचे कष्ट वाटेनासे झाले. शेवटच्या दिवशी टेके काढले. मी हललो नाही.

तोवर दिवाणखान्यात झोपणाऱ्या मावशी खोलीत राहायला आल्या. खोलीत खाट, एक कपाट, एक स्टूल आणि अर्ध्या खिडकीला गज. दरवाजाच खोलीतली सगळ्यात मोठी वस्तू. पाहुणे हसतात. म्हणतात, एवढ्याशा खोलीला केवढं हे दार! म्हणू देत. डबी लहान असली तरी झाकण नीट बसायला नको का? वहिनी दर रविवारी मला तेलाचं बोट लावतात. मावशी दुपारी जेवल्या की आत जातात, मला ओढून घेतात, आणि सगळं घर पाऊल हळू टाकतं. भाऊसुद्धा वाजवतात. "थांब जरा" अजूनही येतंच, कधीकधी काही कारण नसताना. भाऊ थांबतात.

म्हणून मित्रांनो, माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. दारं आपटू नका. त्यांना लाथ मारून उघडू नका. बिजागरी कुरकुरली तर शिव्या देण्याऐवजी तेल द्या. घराचं काम काढलंत तर आधी आत कोण राहणार आहे त्याला विचारा, मग दुकानात जा. आणि बंद दार दिसलं, मग ते तुमच्या आजीचं असो नाहीतर धाकट्या बहिणीचं, की आधी वाजवा. जुन्या दरवाजांना दुसरं काही नको असतं. त्यांच्यापलीकडे कोणीतरी निवांत आहे, एवढं पुरतं.

आज वहिनी दवाखान्यात होत्या. खोलीच्या फरशा भाऊंनी रेघा आत घ्यायच्या आधीच्या मापानं आणून ठेवलेल्या होत्या, त्यामुळे बऱ्याच उरल्या. फुकट जायला नकोत, म्हणून भाऊंनी गवंड्याला बोलावून त्या ओट्यावर बसवायला सांगितल्या. ओट्याची जुनी फरशी फोडायची मजुरी वाचावी म्हणून जुनीवरच नवी बसवली. मावशी आत झोपल्या होत्या.

"भाऊ, दार एकदा उघडून बघू का?" गवंड्यानं विचारलं.

"छे छे, वाजवू नका, दचकेल ती," भाऊ कुजबुजले.

मग दोघांनी आवाज न करता फरशा अगदी माझ्या पायापर्यंत आणून टेकवल्या. फरशी चिकटवायचा मसाला लवकर घट्ट होणारा होता. तो सवलतीत मिळाला होता.

मी बाहेर उघडतो. ओटा आता माझ्या पायापेक्षा बोटभर उंच आहे. भाऊंनी फरशीवर घरातला हातोडा मारून पाहिला, त्याचा दांडा तुटला. मावशी आतून "थांबते जरा" म्हणाल्या. दवाखान्यातून परतलेल्या वहिनींनी खिडकीच्या गजांतून त्यांना चहा दिला आहे. गवंड्याला फोन केला, तो निघालोच म्हणाला.